खायचं अण्णांचं, गायचं हितेंद्रचं

धोंडूअण्णा परबांनी पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. घोडपदेवच्या निम्म्या वराती त्यांच्या सुरांवर निघाल्या असतील. वरातीची एक धून तर त्यांनी स्वतः बांधलेली. दोन वर्षांपूर्वी वरचे दात गेले, कवळी आली आणि क्लॅरिनेट पेटीत गेलं. कवळी लावून फुंकावं तर ती हलते, काढून फुंकावं तर नुसती हवा. साधी शीळसुद्धा जमेना.

अशात नात मनवा कॉकाटील जातीचा एक छोटा पोपट घेऊन आली. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर भगवे ठिपके. "आजोबा, नर आहे. शिकवलं तर अख्खी धून वाजवतो."

अण्णांनी त्याचं नाव ठेवलं मास्तर. आपली धून याच्या गळ्यात उतरवायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. मोबाईलमधलं बँडचं जुनं रेकॉर्डिंग ते दिवसभर लावून ठेवत. मास्तर त्याच्याकडे पाठ करून चोच घासायचा. या जातीला यंत्राचा गुरू चालत नाही, समोर जिवंत माणूस लागतं. आणि अण्णांच्या तोंडून निघायचं ते फू.

जिवंत माणूस सापडलं ते लाकडी पार्टिशनपलीकडे. शेजारचा हितेंद्र, दादरला चष्म्याच्या दुकानात कामाला, सकाळी दाढी करताना शीळ घालायचा. पहिल्या दोन सुरांतच मास्तरचा तुरा ताठ! पंख खांद्यापासून जरासे उचलून तो पार्टिशनसमोर असा मिरवायचा, जणू मुलगी बघायला आलाय. हितेंद्र कामाला निघाला की त्याच्या पावलांमागे किंचाळून जीव द्यायचा. अण्णांनी हात पुढे केला तर तुरा चपटा आणि फिस्स.

अण्णांचा जळफळाट व्हायचा. त्याच्या खाण्यासाठी राळ्याची कणसं शोधत भायखळ्यापर्यंत जायचं यांनी, पंखांची पांढरी भुकटी पुसायची यांनी, चावून घ्यायचं यांनी, आणि प्रेम फुकटात त्याला! पलीकडे शीळ सुरू झाली रे झाली की ते टीव्हीचा आवाज वाढवत आणि पिंजऱ्यावर चादर टाकत. चादरीखाली मास्तर काहीतरी पुटपुटत बसायचा. पिंजरा दुसऱ्या भिंतीला नेला, तर दिवसभर पार्टिशनकडे तोंड करून ओरडला.

एका रविवारी सगळी गॅलरी भरलेली असताना अण्णांचा तोल गेला. "शीळ बंद कर रे मेल्या! आमच्या घरात बायामाणसं आहेत!"

चाळीत या वाक्याचा अर्थ कोणाला समजवावा लागत नाही. कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. अण्णांची सून अपेक्षा लाजेने लाल झाली. "अण्णा, काय बोलताय? मला दादा म्हणतो तो." पण शब्द गेला तो गेला. हितेंद्र आत गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पार्टिशनपलीकडे फक्त नळाचा आवाज.

अण्णा मनातून सुखावले, खोटं कशाला बोला. आता तरी पाखरू आपलं होईल. पण मास्तर खायचा कमी झाला. सकाळच्या त्याच वेळी पार्टिशनला चोच टेकून हाक मारायचा आणि वाट बघायचा.

आठव्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं, टीव्हीही बंद होता. मास्तरने तुरा उचलला आणि अख्खी धून म्हटली. वरातीची, अण्णांचीच. मध्ये तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी तो थबकला, क्षणभर गप्प राहिला, मग पुढे गेला.

अण्णा खाटेवर उठून बसले. वाजवताना त्या जागी ते श्वास घ्यायचे. बँडमध्ये ती फट ट्रम्पेटवाला भरून काढायचा, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हतीच. ती ठाऊक होती फक्त त्याला, ज्याने त्यांना घरी एकट्याने वाजवताना ऐकलं होतं. पार्टिशनपलीकडे पाटी-दप्तर घेऊन बसलेल्या छोट्या हितेंद्रने, वर्षानुवर्षं. रोज सकाळी तो हीच धून शिळेवर घालत होता, आणि दोन सुरांपुढे आपण त्याला कधी ऐकलंच नाही.

दुसऱ्या सकाळी पिंजरा हातात घेऊन ते हितेंद्रच्या दारात उभे राहिले. त्याच्या अर्ध्या गालाला साबण होता.

"घाल शीळ."

"नको अण्णा. बायामाणसं आहेत ना घरात."

गॅलरीत माणसं होती. अण्णांनी ती बघितली आणि आवाज चढवला. "खोटं बोललो मी! तुझ्यात काही वाईट नाही. पाखरू तुझ्यावर जीव टाकतं म्हणून जळत होतो. सगळ्यांनी ऐका!"

हितेंद्र दाढीसाठी परत आरशाकडे वळला. मास्तरने मात्र धून सुरू केली, ती तिसऱ्या फेऱ्याच्या शेवटी आली आणि थांबली. या वेळी पुढे जाईना. हितेंद्रने ओठांवरचा साबण मनगटाने पुसला आणि पुढची ओळ शिळेवर उचलली.

मास्तर पंख उचलून त्याच्याचकडे बघत होता. अण्णांकडे एकदाही वळला नाही. अण्णांना ते लागलं, चांगलंच लागलं. पण पिंजरा त्यांनी हितेंद्रच्याच दारावरच्या खिळ्याला अडकवला.