चादरीचं दुसरं टोक

डागमावशीच्या लॉन्ड्रीत खोटं बोलायची सोय नव्हती. गिऱ्हाईक शर्ट पुढे सरकवून म्हणायचं, "चहा सांडला हो." मावशी कापड उजेडाकडे धरायची, अंगठ्याने चोळायची, नाकाजवळ न्यायची आणि म्हणायची, "साहेब, हा चहा नाही. हा केसांचा कलप आहे." साहेब लालबुंद! मग मावशीच त्यांना सावरून घ्यायची. "अहो, लावा की कलप, कोण नको म्हणतंय? पण तुम्ही चहा सांगितलात म्हणून मी चहाचं औषध लावलं असतं, तर हा डाग तुमच्या शर्टाला जन्मभर पुरला असता. माझ्यापुढे लाजायचं नाही."

सासूने तिच्या हाती लॉन्ड्री दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: आधी डागाला विचारायचं, बाबा रे, तू कशाचा? मग हात लावायचा. रक्तावर गरम पाणी ओतलंस की बसला तो कायमचा. मावशीने हे असं अंगी बाणवलं की गल्लीत तिचं खरं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. समोरचा किराणावालासुद्धा तिला डागमावशीच म्हणायचा.

धुणं आणि डाग मावशीकडे, इस्त्री धाकट्या जावेकडे, आणि गठ्ठे पोचवायचं काम मावशीच्या नवऱ्याकडे. पण सगळ्यात महत्त्वाचं काम होतं लॉजच्या चादरींच्या घड्या घालायचं, आणि ते दोघी जावांचं. त्या डबल चादरी म्हणजे शिडाएवढ्या. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. लांब जाऊन चादर ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. त्या क्षणी दोघींची नाकं जवळजवळ टेकायची. यातून एक रीतच पडून गेली होती. चारचौघांत बोलायचं ते चादर ताणताना, लांबून, मोठ्याने. खासगीतलं कोपरे जुळताना, हळूच. नवऱ्यांच्या तक्रारी, माहेरची दुखणी, कुणाची जिरवायची, सगळं त्या कोपऱ्यांवर ठरायचं. धाकटी सून म्हणून आली तेव्हा घाबरट होती, तिला या चादरींनीच बोलतं केलं. मावशीला सख्खी बहीण नव्हती. आता तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आणि मग हे सुरू झालं.

अंगावरून पांढरं जाणं मावशीला नवीन नव्हतं. वयात आल्यापासून कधी कमी, कधी जास्त, महिन्याच्या मध्यावर जरा तार आल्यासारखं. तिने कधी त्याचा बाऊ केला नाही. पण आता ते बदललं होतं. पातळ, राखाडी, आणि वास! शिळ्या मासळीसारखा. नवऱ्याजवळ निजून उठलं की जास्तच.

आता बघा, जगाचे डाग नाकाजवळ नेऊन हुंगणारी ही बाई. हिने काय करावं? विचारावं की नाही, बाबा रे, तू कशाचा? छे! लाजेने हिची अक्कलच गहाण पडली. आधी सुगंधी साबण झाला. त्याने भागेना, तेव्हा दवाखान्याच्या चादरींसाठी ठेवलेलं जंतुनाशक मगभर पाण्यात घालून आतून धुवायला लागली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आग व्हायची. ही दात आवळून म्हणायची, आग होतेय म्हणजे साफ होतंय. गिऱ्हाइकाने असला प्रकार केला असता तर त्याची चामडी लोळवली असती हिने! वास तासभर दबायचा आणि पुन्हा दुप्पट जोराने यायचा.

घड्या घालायची वेळ झाली की ती पाय मागे घ्यायची. इतक्या जवळ जायचं कसं? ती धाकटीला म्हणायला लागली, "तू इस्त्रीचं बघ, मी घालते घड्या." एकटीने घालताना चादर जमिनीला लोळायची, म्हणून तिने भिंतीत दोन खिळे ठोकले आणि त्यांना चिमटे बांधले. दोन कोपरे भिंतीकडे, दोन हिच्याकडे. काम होत होतं. बोलणं बंद झालं.

त्यातच धाकटी अंगाला भसाभसा सेंट मारून यायला लागली. इस्त्रीच्या वाफेत तो सेंट असा दरवळायचा की गिऱ्हाइकं शिंकायची. झालं! मावशीची खात्रीच पटली. हिला वास येतोय. तोंडावर बोलता येत नाही म्हणून बिचारी सेंट मारते. घरी तर आणखी वेगळंच. मावशी भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि नवऱ्याने अचानक जेवताना कांदा खायचा सोडला. कांद्याशिवाय ज्याचा घास उतरायचा नाही, तो माणूस! तिने कारण विचारलं नाही. स्वतःचंच जड झालं होतं, त्याच्या कांद्याचं काय घेऊन बसणार?

एक दिवस धाकटीने इस्त्री खाडकन उभी केली.

"ताई, सरळ सांगा, माझा वीट आलाय का तुम्हाला?"

"काहीतरीच काय!"

"मग हे काय?" तिने भिंतीकडे बोट केलं. "माझ्या जागी खिळा आणलात! माणसाच्या जागी खिळा! माझं काही चुकलं असेल तर चार शिव्या द्या, पण हे नाही सहन होत मला. शिवणकारखान्यात बाया घेतायत. पहिल्या तारखेपासून मी तिकडे जाणार."

धाकटी डोळे पुसत निघून गेली.  मावशी तिला काय सांगणार होती? तिथेच टबाच्या काठावर बसून ती रडली. धाकटी गेली तर आपलं काय उरलं, हे दोन खिळे?

रडून झाल्यावर ती उठली आणि तशीच दवाखान्यात गेली.

आता दवाखाना तरी परका का? तिथल्या चादरी हिच्याकडेच धुवायला यायच्या, डॉक्टरीणबाईंचे कोटसुद्धा. म्हणूनच तर इतके दिवस पाऊल उचलत नव्हतं. आत गेल्यावर मावशी म्हणाली, "बाई, आधी एक वचन द्या. तुमच्या कोटाच्या खिशात दर आठवड्याला चॉकलेट वितळलेलं असतं, वर तुम्ही शाई म्हणून सांगता. मी कधी कुणाला बोलले?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "नाही."

"मग माझंही या खोलीबाहेर जाता कामा नये."

"ते तर चॉकलेट नसतं तरी गेलं नसतं," बाई हसून म्हणाल्या. "बोला."

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. रंग कसा? पातळ की घट्ट? वास? खाज? पोटात दुखतं का, ताप? मध्येच रक्त दिसतं का? मावशी उत्तरं देत गेली आणि मध्येच तिच्या लक्षात आलं. ही तर तिचीच रीत! गिऱ्हाइकाला ती हेच तर विचारायची. मग तिने जंतुनाशकाचंही सांगून टाकलं, खाली मान घालून.

बाईंनी नीट तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. म्हणाल्या, "आत चांगले जंतू असतात, ते ती जागा राखतात. तुमच्यात त्यांचा तोल बिघडला आणि दुसऱ्यांची गर्दी झाली. कशाने बिघडला ते दर वेळी सांगता येत नाही. पण त्यावर तुम्ही उरलेसुरले राखणदारही धुऊन काढलेत. ते धुणं आजपासून बंद. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काही घालायचं नाही. गोळ्या देते, बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

"म्हणजे मी अस्वच्छ आहे म्हणून नाही झालं?"

"अहो, तुम्ही तर जरुरीपेक्षा जास्त स्वच्छ!"

मावशीने पदराला बोटं पुसली आणि मनात ठसठसत होतं ते विचारलं. "मोठं काही नाही ना? ते... गाठीबिठीचं?"

"तसं काही दिसत नाही. तरी या वयात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायचीच असते, ती आजच उरकू."

मावशीचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडल्या पडल्या तिच्यातली डागवाली जागी झाली. "पण बाई, ओळखायचं कसं हो? आपलं कुठलं आणि परकं कुठलं?"

"पांढरं किंवा पाण्यासारखं, फारसा वास नाही, खाज नाही, ते आपलं. त्याने हाडं झिजत नाहीत, कोण काय म्हणतं ते सोडा. रंग बदलला, पिवळा, हिरवा, राखाडी झाला, वास मारायला लागला, किंवा दह्यासारखं घट्ट येऊन खाज सुटली, की इकडे यायचं. मनाने औषध घ्यायचं नाही, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी. पोटुशी बाई असेल तर तिनेही थांबायचं नाही. आणि पाळी नसताना मध्येच रक्त दिसलं, किंवा पाळी कायमची गेल्यावर थेंबभर जरी दिसलं, तरी लगेच."

"अगदी माझ्यासारखं बोलता हो," मावशी म्हणाली.

गोळ्या संपल्या तोवर वास गेला होता. तपासणीचा निकालही चांगला आला. पहिली तारीख तोंडावर होती. लॉजचा गठ्ठा आला तशी मावशीने पक्कड घेतली आणि भिंतीतले खिळे कराकरा उपटले. पोपडे पडले, पडू देत. चादरीचे दोन कोपरे तिने धाकटीपुढे धरले.

"धर."

धाकटी फुगलेलीच होती. पण हाताला सवय असते. तिने कोपरे घेतले, लांब गेली, चादर ताणली, झटकली. दोघी चालत आल्या. कोपरे जुळले, आणि मावशीने तिथेच, हळूच, सगळं सांगून टाकलं. अंगावरून जाणं, वास, जंतुनाशक, डॉक्टरीणबाई.  चादर दोघींच्या हातात तशीच लोंबत राहिली.

"म्हणजे," धाकटी शेवटी म्हणाली, "तो माझा नव्हता?"

"काय तुझा नव्हता?"

"वास! मला वाटलं माझ्या घामाचा वास येतो म्हणून तुम्ही लांब पळता. तीन साबण बदलले मी! तो मेला सेंट मलाच सोसत नव्हता, डोकं उठायचं!"

"अगं, पण तुला... खरं सांग हं, तुला माझा वास आलाच नाही?"

"कधीच नाही, ताई. एकदाही नाही."

 मावशीला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणीच आलं. धाकटी हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. चादर पार जमिनीवर लोळली, पुन्हा धुवावी लागणार होती.

"आणि कारखान्यात काय सांगू?" धाकटीने नाक पुसत विचारलं.

"सांग, आमच्याकडे चादरी फार मोठ्या आहेत."

धाकटीने चादरीचा बोळा उचलला आणि टबाकडे निघाली. मध्येच थबकून वळली. "ताई, दादांनी कांदा सोडलाय ना हो?"

मावशीचं हसू जागच्या जागी थांबलं.

त्या दिवशी जेवताना तिने एक मोठा कांदा फोडला, चिरला आणि नवऱ्याच्या ताटात ठेवला. त्याने आधी कांद्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"खा हो, कांद्याचं काही नव्हतं," मावशी म्हणाली आणि आपलं ताट घेऊन त्याच्या अगदी शेजारी येऊन बसली.