उपास म्हणजे उपाशी नव्हे

मागच्या महिन्यात दात दाखवायला गेले आणि बोट टोचून घेऊन आले.

ब्रश केला की बेसिन लाल व्हायचं, त्यात एक दाढ हलायला लागलेली... म्हणून वाशिममध्येच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. हिरड्या बघितल्या आणि दाढेचं सोडून भलतंच विचारायला लागली. तहान फार लागते का, जखम लवकर भरते का, माहेरी कुणाला शुगर होती का. मग म्हणाली, बोट द्या.

सुताराला दार दुरुस्तीला बोलवावं आणि त्याने विहिरीचं पाणी तपासायला मागावं, तसं झालं. मी ते बोलूनही दाखवलं. ती हसली आणि टोचलं. आकडा बघून म्हणाली, एवढ्यावरून पक्कं सांगता येणार नाही, उद्या उपाशी पोटी लॅबमध्ये रक्त द्या.

दुसऱ्या दिवशी नेमकी चतुर्थी. म्हटलं, देवानेच सोय केली. साबुदाण्याची खिचडी, वर एक केळं, कपभर चहा... आणि गेले. लॅबवाल्याने विचारलं, काही खाल्लं का? मी ताठ मानेने सांगितलं, नाही, उपास आहे.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा खोदून विचारलं. खिचडीचं कळल्यावर कपाळाला हात लावला. मी मात्र खूश. ही शुगर माझी नाहीच, साबुदाण्याची आहे, असं ठणकावून सांगितलं.

तिने शांतपणे रिपोर्टमधल्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तीन महिन्यांची सरासरी. ती एका सकाळच्या खिचडीने हलत नाही म्हणे.

"तीन महिने रोज चतुर्थीच होती का, काकू?"

लोकांना टोमणे मारण्यात माझी हयात गेली. त्या खुर्चीवर मात्र आ करून बसले आणि एक टोमणा स्वतःच गिळला... साखर आटोक्यात आली तर हिरड्या सुधारतील, दाढही वाचेल कदाचित, असं म्हणून तिने मला शुगरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या.

घरी वेगळंच दुखणं. माझ्या धाकट्या जावेच्या मुलीची सोयरीक चाललेली. जाऊबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, लोकायले कायले सांगता? घरात शुगर आहे म्हनतीन." आता मी या घरात सून म्हणून आलेली. माझ्या रक्तातली साखर पुतणीच्या रक्तात कुठल्या वाटेने शिरणार? पण सोयरिकीत विज्ञान चालत नाही, चहा चालतो. पाहुण्यांसमोर गोड चहा गपगुमान घ्यायचा, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

रविवारी शेलूबाजारचे पाहुणे आले. चहा आला, चमचा उभा राहील इतका गोड. मी कप ट्रेमध्ये परत ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मले बिनसाखरेचा आना. शुगर निंगाली मले, दाताच्या डॉक्टरनं पकडली."

जाऊबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं, आज माझं काही खरं नाही.

मुलाची आई पदर सावरत माझ्याजवळ सरकली. हळूच विचारलं, "यायच्याबी हिरड्यातून रगत येते जी. थ्या डॉक्टरचा दवाखाना कुठीसा आहे?" तिकडे तिच्या नवरोबांनी हातातला कप तसाच खाली ठेवला.

पत्ता दिला. दवाखान्याचाही आणि लॅबचाही. उपाशी म्हणजे खरंच उपाशी, हेही बजावलं.

सोयरिकीचं काय व्हायचं ते होईल. जाऊबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत... पण दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे ठेवणं हत्तीला परवडतं. माझ्याकडे एकच संच आहे, आणि त्यातली ती दाढ आता कमी हलतेय.