ज्याचा त्याचा पाट

आमच्या आळीत नुसत्या पगारावर जगणारा माणूस शोधून सापडायचा नाही. शेजारचे एसटीतले कंडक्टर सुटीच्या दिवशी कोकम सरबताच्या बाटल्या घरोघर पोचवतात. समोर राहणाऱ्या शाळेतल्या बाई मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला जातात आणि शाळा सुरू झाली तरी त्यांच्या पदराला गवताचा वास येत असतो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. पाच वाजता बाटल्यांना बुचं लावली की मोकळा. माझं हे मोकळेपण घरात फार दिवस बघवलं गेलं नाही. बायकोला घरघंटी घ्यायची होती. घरीच दळायचं, भाजणी आणि घावनांचं पीठ विकायचं, असा तिचा बेत. थोडक्यात, तिला जोडधंदा सुरू करता यावा म्हणून आधी मी जोडधंदा करायचा होता.

पहिल्यांदा मी शिकवण्या घेतल्या. माझा स्वभाव तापट, त्यात नको तितका टापटिपीचा. समास न आखता लिहिणारा विद्यार्थी मला सहन होत नाही. दिवाळीपर्यंत सगळे विद्यार्थी दुसरीकडे गेले. मग रसायनांची ओळख आहे म्हणून फिनेल बनवून पाहिलं. शेजाऱ्यांनी एकेक बाटली भिडेखातर घेतली, आणि नंतर महिनाभर मला पाहिलं की ते घाईघाईने आत जायचे.

शेवटी आळीच्या टोकाच्या गणपतीच्या शाळेत मला काम मिळालं. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. ती चालवणारे काका सत्तरीचे, कमी बोलणारे. आषाढ आणि श्रावण असे दोन महिने संध्याकाळी आणि रविवारी यायचं, मूर्तींना पहिला हात द्यायचा, पितांबर पिवळे करायचे, उंदीर रंगवायचे. डोळे मात्र काकांचे. त्या ब्रशला हात लावायचा नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. मला ते काम फार आवडलं. दिवसभर मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी ओळीने पन्नास पितांबर रंगवायला मिळणं हे सुखच आहे.

या शाळेत गिऱ्हाईक मूर्ती विकत घ्यायला येत नाही, ते आपला पाट आणून देतं. घरातला गणपतीचा पाट, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला. त्याच पाटावर मूर्ती बसवून द्यायची. तसे साठेक घरांचे पाट नागपंचमीच्या आधीच काकांकडे येऊन पडायचे. खालच्या बाजूला कुणी कोळशाने, कुणी खडूने घराची खूण केलेली. वर्षानुवर्षांच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या, कडांना जुने रंग, मधूनच बुरशी. मला ते बघवेना.

एका रविवारी काका चिपळूणला नात्यातल्या लग्नाच्या बोलणीसाठी गेले होते. मी सगळे पाट घासून पुसून काढले आणि खालीवर तपकिरी तेलरंग मारला. खुणा गेल्या, पण मी काही अगदीच मूर्ख नव्हतो. रंगाच्या आधी प्रत्येक पाटाला क्रमांक ठरवला, वहीत त्यापुढे घर लिहिलं, आणि रंग हाताला लागेनासा झाल्यावर पाटाखाली क्रमांकाची चिठ्ठी डकवली. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना लावतो तशी. काका परत आले, तेव्हा साठ पाट एका रंगात, एका रेषेत उभे होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वहीत नीट लिहिलंयस ना?" मी ती वही त्यांच्यासमोर नाचवली.

पण रत्नागिरीच्या श्रावणात तेलरंग आतून वाळत नाही आणि डिंक कशालाच धरून राहत नाही, हे वीस वर्षं रसायनांत काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. मूर्ती आमच्याकडे आधी फळ्यांवर वाळतात, मग ओल्या मातीने ज्याच्या त्याच्या पाटावर बसवतात. बसवायला म्हणून पहिला पाट उचलला, तर खाली चिठ्ठी नाही. दुसऱ्याखाली नाही. साऱ्या चिठ्ठ्या मांडणीच्या मागे, ओल्या जमिनीवर एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. हातात अप्रतिम वही होती आणि समोर साठ सारखे पाट.

काकांकडे चाळीस वर्षं लोक पाट विश्वासाने टाकून जात होते. एखाद्याचा गणपती दुसऱ्याच्या पाटावर गेला असता, तर पुढच्या वर्षी तो पाट दुसऱ्या शाळेत गेला असता, आणि त्याच्यामागून दहा. घरघंटीचा विचारही मनात आला, आणि त्याची लाज वाटली. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ब्रश धुऊन ठेवला आणि म्हणाले, "लोकांना तू सांगायचंस. माझ्या तोंडून नाही."

मी दोन संध्याकाळी दारोदार हिंडलो आणि जे लांब होते त्यांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट. मला खाली बघावं लागेल असं कुणी एक शब्दही बोललं नाही, उलट हसले. हे जास्त लागलं. रविवारी सकाळी येऊन आपापला पाट ओळखून द्या, असं सगळ्यांना कळवलं. कसं ओळखणार, हे मला तरी कुठे माहीत होतं.

रविवारी शाळेच्या अंगणात आम्ही पाट मांडले, आणि माणसं येऊ लागली. मिरकरवाड्याहून आलेली म्हातारी कोळीण डोळ्यांनी बघतच नव्हती. ती एकेका पाटावरून तळवा फिरवत गेली आणि सातव्या की आठव्या पाटाशी थांबली. मी विचारलं, मावशी, नक्की ना? ती म्हणाली, "ह्यो आमचा. समईचं तेल सांडून इथं भाजलाय. माझ्याच हातनं भाजलाय, मला न्हाय म्हाईत?" मी हात लावून पाहिला. माझ्या सुंदर रंगाखाली खरोखरच रुपयाएवढा खळगा होता.

मग एकेक खूण बाहेर यायला लागली. कुणाच्या पाटाची एक पट्टी आजोबांनी बदललेली, ती इतरांपेक्षा जाड. कुणाचा पाट उंदराने कुरतडलेला, आणि ते घरचे मोठ्या अभिमानाने सांगत होते की तो बाप्पाचाच उंदीर होता. दोन जावांनी एकाच पाटावर हात ठेवला तेव्हा मला घाम फुटला. पण मोठीने तो उचलून जमिनीवर टेकवला, पाट डुगडुगला, आणि ती लगेच म्हणाली की हा तुमचा, आमचा डुगडुगत नाही. बोरिवलीहून एक आजोबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी मला एकेक पाट बोटांनी वाजवायला लावला. तिसऱ्या वेळी म्हणाले, फणसाचा आहे, हा नाही, आमचा आंब्याचा. मी वाजवत राहिलो, आणि आवाज ओळखला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. त्यांच्या मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या तीन किटल्या संपल्या. लोक आपला पाट सापडल्यावरही जात नव्हते, दुसऱ्यांचे ओळखायला मदत करत होते. काका पायरीवर बसून ऐकत होते. चाळीस वर्षांत आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं ते दोनदा म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, पण मला ऐकू येईल असं. त्यांचा राग उतरला होता. मी आता हळूच माझ्या बाजूचा विचार करू लागलो होतो की, झालं ते एका अर्थी चांगलंच झालं.

दुपारी दोन पाट उरले. एक, ज्या घरची माणसं चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडीने येणार त्यांचा, आणि एक आमचा. कोणता आमचा, हे मला सांगता येईना. सकाळपासून मी साठ घरांच्या पाटांवर हात फिरवला होता. दोन्ही पाट उलटसुलट केले, वाजवले, टेकवून पाहिले. मला एकही खूण आठवत नव्हती. दरवर्षी हा पाट मीच माळ्यावरून काढतो, मीच पुसतो. अंगणात माणसं होती आणि माझे कान तापले होते. शेवटी बायकोला फोन करून सांगितलं की बाबांना पाठव.

बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. छत्री मिटून ते आले, खाली बसले आणि दोन्ही पाटांच्या कडांवरून अंगठा फिरवला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"हा," ते म्हणाले. "ये, इथे बोट लाव."

डाव्या कडेवर बारीक दाते होते, ओळीने. मी विचारलं, कशाचे?

"तुझे. चार वर्षांचा होतास. विसर्जन करून आलो, आणि गणपती कुठे गेला म्हणून तू रिकामा पाट धरून बसलास. सोडेनास. रडत रडत खिळ्याने कड कोरलीस. सुतार घासून देतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं गाडीचा नट कुठला ते सांगावं. चार वर्षांचा मी ज्याला धरून बसलो होतो, त्यावर मी स्वतःच तेलरंग मारून क्रमांक डकवला होता, आणि बाबा दरवर्षी त्या कडेवरून हात फिरवत असणार, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चहाच्या किटल्या गोळा करायला लागलो. काकांनी तेवढ्यात कोळशाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि सगळ्या पाटांखाली पुन्हा घरांच्या खुणा करायला बसवलं. काम गेलं नव्हतं.

त्या वर्षी घरघंटी आली. आता आमच्या घरात बोलायचं असेल तर ती बंद असावी लागते. मी अजून शाळेत जातो आणि उंदीर रंगवतो.

खुणा करताना मी एकोणसाठ पाटांखालीच लिहिलं होतं. शेवटचा बाजूला ठेवला तेव्हा काकांनी विचारलं, "ह्यावर नाही लिहिलंस?"

मी म्हटलं, "ओळखतो मी."