बसलेली बाई बरी

राऊंडला डॉक्टरसाहेब वत्सलाबाईंच्या खाटेपाशी आले, तेव्हा शेजारच्या खाटांवरच्या दोघी पेशंट त्यांना चिकटून बसल्या होत्या. चादरीखालून दोघींनी त्यांचे गुडघे दाबून धरले होते.

कारण साधं. आमच्या मेंटल हॉस्पिटलात राऊंडला जी शांत बसते ती घरी जाते. जी येरझाऱ्या घालते ती बंद वॉर्डात. वत्सलाबाईंचा भाऊ इतवारीहून त्यांना न्यायला आला होता, बाहेर बाकावर बसला होता. मी तिथली सोशल वर्कर. पेशंट आणि घरचे, दोघांशी बोलणं हेच माझं काम.

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले. "वाढवलेला डोस लागू पडला. घरीही हाच चालू ठेवा."

वत्सलाबाई हात झटकून उठल्याच. "थांबा जी! ही वाढवलेली सुई नका चालू ठेवू. हे माही बिमारी नाही. बिमारीत मी कोपऱ्यात पडून राहते. हे सुईनं होऊन राहिलं. पायात चक्की फिरते, बसलं की जीव जाते."

"बस वं चुपचाप," गुडघे धरणाऱ्या दोघींतल्या अनुसयाबाई त्यांचा पदर ओढत पुटपुटल्या. "आधी घरी तर जा!"

"पाहिलंत?" साहेब माझ्याकडे वळले. "इनसाइट गेली."

इनसाइट म्हणजे आपण आजारी आहोत हे पेशंटला कळणं. आमच्याकडे तिचा अर्थ एवढाच, की डॉक्टरांना हो म्हणणं.

मी म्हटलं, "सर, स्वतःचा आजार त्या वर्षानुवर्षं ओळखतात. एकदा ऐकून तर घ्या."

"पेशंटनीच औषध ठरवायचं? मग माझ्या खुर्चीत बसवा यांना."

"बसवा न साहेब," अनुसयाबाई म्हणाल्या, "पण तिले बसताच कुठं येते!"

वॉर्डभर हशा पिकला. वत्सलाबाई बंद वॉर्डात गेल्या.

'बिघडली' असं भावाला सांगायचा हुकूम मला झाला. मी तसं सांगितलं नाही. त्या जे बोलल्या तेच सांगितलं.

"मंग ऐकत काहून नाही तुम्ही लोक?" तो माझ्यावरच भडकला. भडकायलाच हवं होतं.

पुढे बाहेरगावचे एक प्रोफेसर व्याख्यानाला आले. या औषधानं काहींच्या पायांना स्वस्थता राहत नाही, पाहणाऱ्याला वेड वाढल्यासारखं वाटतं, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. डोस कमी झाला, सोबत पाय शांत करणारी एक गोळी आली. वत्सलाबाई बसू लागल्या, घरी गेल्या. त्यांची माफी कुणी मागितली नाही. बाईंच्या तोंडी जे लक्षण होतं, ते पाहुण्यांच्या तोंडी ज्ञान झालं!

राऊंडची पद्धत तीच आहे. अनुसयाबाई आता दुसऱ्या एकीचे गुडघे धरून बसतात.