लढाईच्या पेट्या करणारा साडू

जगात पुढची लढाई कुठे लागणार, तिच्यासाठी कोण कोणाला तोफा विकणार आणि शेवटी पंच म्हणून कोण मिरवणार, हे या दुनियेत सगळ्यांच्या आधी एकाच माणसाला कळतं, आणि तो माझा साडू आहे. मोठमोठे मंत्री विमानातून उतरतात, हात मिळवतात, कागदावर सह्या करतात, त्याच्या महिनाभर आधी माझा साडू माझ्या ओसरीत चहा पिऊन तो सौदा पक्का करून गेलेला असतो. त्याचं खरं निघतं का, ते विचारू नका. दहातलं एखादं निघतं. पण त्या एकाचा तो इतका गवगवा करतो की उरलेली नऊ आठवायला उसंत मिळत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इथल्याच दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तो सुतार होता. बॉम्ब त्याने जन्मात बनवला नाही. बॉम्ब ज्या लाकडी पेटीत झोपतो ती पेटी त्याने बनवली, छत्तीस वर्षं. मी नागपुरात गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी उचलणारा माणूस, सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. गाठीत काय आहे हे वरून हात फिरवून मला कळत असे, म्हणून त्याची अर्धी विद्या मला समजते. बाकीच्यांना तो येडा वाटतो. येडा तो आहेच, पण नुसता येडा नाही.

एकदा आम्ही दोघं सीताबर्डीला गेलो होतो, चष्म्याच्या कामाने. एका दुकानात पाचसहा टीव्ही लावलेले, सगळ्यांवर कुठल्यातरी देशाची लढाई. धूर, धावपळ, तोफेत गोळा घालणारे शिपाई, कोपऱ्यात जेमतेम दिसणारी गोळ्यांची पेटी. लोक तोंड उघडं टाकून पाहत होते. साडू पुढे घुसला, नाकाला काच लागेस्तोवर वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "खिळा आडवा मारला गा. कोपरा उकलला पाह्य." दुकानदाराला वाटलं त्याच्या काउंटरचंच काही बिघडलं. मग बाहेर आल्यावर रस्ताभर मला ऐकवलं, "साडभाऊ, तोफ समदे दाखवतात. पेटी कोणी दाखवत नाई. अन् पेटी नसन तर तोफ म्हणजे नुसती लोखंडाची नळी. पाणी भराले कामी येईन."

देशोदेशींच्या हत्यारांच्या बाजाराचं त्याचं शास्त्र एवढंच आहे, पण ते कोणालाही पटेल असं. दोन शेजारी शेताच्या धुऱ्यावरून भांडतात. तिसरा दोघांच्याही घरी जाऊन सांगतो की समोरच्याने मोठी काठी आणली. मग दोघांनाही काठ्या विकतो. चौथा पंच म्हणून खाटेवर बसतो. "अन् तो चौथा कोण असते?" साडू विचारतो आणि स्वतःच सांगतो, "तिसऱ्याचा साडू." मी म्हटलं, साडवाला कशाला मधात घेतो. तर म्हणाला, "मंग काय सख्खा भाऊ म्हणू? सख्खा भाऊ कोणाचं ऐकते?"

लढाईचं इतकं बोलणारा हा माणूस आगीला मात्र असा भितो की विचारू नका. कारखान्यात आत जाताना आगपेटी, बिडी सगळं फाटकावर ठेवून जावं लागे, बुटाला खिळा चालत नसे, आणि हात तांब्याच्या पत्र्याला लावल्याशिवाय आत पाय टाकता येत नसे, म्हणजे अंगातली वीज उतरावी. निवृत्त झाला तसा त्याने हाच कायदा घरी लावला. दाराशी डबा, चौकटीला तांब्याचा पत्रा. पोरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या खिशातून त्याने तीन आगपेट्या काढून घेतल्या होत्या आणि पोराच्या बापाला जोडे उलटे करून दाखवायला लावले होते. लग्न जमलं ते पोरीच्या नशिबाने. त्याची बायको, माझी मेहुणी, आजही गॅस पेटवायच्या आधी आतून ओरडून सांगते, "लावून राह्यली व्हं." मग हा अंगणात जातो. ज्वाळा दिसली की परत येतो. दिवाळीत नातवाची फुलझडी विझेस्तोवर पाण्याची बादली घेऊन बाजूला उभा.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. चार दिवस लोक आले, बोलले, गेले. मला कोणाचं बोलणं नको होतं, आणि नुसती भिंत पाहणंही होत नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता साडू आला. तिच्याबद्दल एक शब्द नाही. खुर्ची ओढली आणि सांगू लागला की अमुक देशाने तमुक देशाकडून पाणबुड्या घेतल्या, आता पलीकडचा गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा. त्याने पुढे कितीतरी महिने एक दिवस चुकवला नाही. माझ्या घरात बोलणारं माणूस उरलं नव्हतं, तर याने जगातल्या साऱ्या फौजा आणून माझ्या ओसरीत बसवल्या. चहा मीच करायचो. पहिल्या दिवशी चहात साखर टाकायची राहिली होती. त्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला.

आता त्याच्या चुकीचं सांगतो, कारण ती चूक त्याच्याशिवाय दुसरा कोणी करू शकला नसता.

माझा पोरगा मिलिंद आखातात वेल्डर आहे. आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोहोचला, तोंड पाहायला मिळालं नाही, आणि लगेच परतावं लागलं. म्हणून पहिल्या वर्षाला यायचंच, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, विहारात भंतेजींना सांगून झालं, त्याला महिन्याभराची सुट्टी मिळाली, तिकीट निघालं. आणि नेमकं तिकडे दोन देशांत वाजलं. एक रात्रभर आकाशात काय काय उडालं, मग दोन दिवस शांत. पुढे काय होणार, टीव्हीवाल्यांना ठाऊक नव्हतं. साडवाला मात्र उपाय ठाऊक होता. तो लकडगंजला, लाकडाच्या बाजारात गेला.

लढाई मोजायचं त्याचं माप लाकडाचं आहे. त्याच्या नोकरीत सरहद्दीवर ताण वाढला की कारखान्यात पेट्यांचं काम दुप्पट होई आणि बाजारातली हलकी चिडाच्या लाकडाची पट्टी गायब होई. त्यामुळे पट्टी मिळत नाही म्हणजे लढाई आली, हे त्याच्या डोक्यात खिळ्याने ठोकलेलं. त्या दिवशी तो चारच्या आधीच आला. बसला नाही.

"पट्टी संपली," तो म्हणाला. "चार टालांत विचारलं. एक फळी नाई. समदी उचलून नेली."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? हे विचाराची गोष्ट आहे काय? मोठं भडकून राहिलं साडभाऊ. पोराले सांग, तिकीट रद्द कर. विमान मधातच कुठं उतरवलं तर ना इकडचा ना तिकडचा. जिथं आहे तिथं राह्य म्हणा."

मी फोन लावला. मिलिंद म्हणाला, "बाबा, इथं तर विमानं चालू आहेत, बाजार चालू आहे." मी म्हटलं, तुझे काका सांगून राहिले.  तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर नाही येत." आणि त्याने सुट्टी सोडली. त्याच्यासोबत आपल्याकडचाच, खापा गावचा एक पोरगा काम करतो, सुट्टी त्याने घेतली. तिकडे एक आला तरच दुसरा जातो. म्हणजे आता मिलिंदला वर्षाच्या दिवसानंतरच येता आलं असतं.

तीन दिवसांनी साडू पुन्हा लकडगंजला. पट्टीने भरलेली एक गाडी निघताना दिसली, तर हा सायकल घेऊन तिच्या मागे. त्याला वाटलं गाडी कारखान्याकडे वळेल. गाडी गेली कळमन्याला, फळबाजारात. तिथे दहाबारा माणसं मांडी घालून खटाखट पेट्या ठोकत बसलेली, आणि बाजूला संत्र्याचे ढीग, माणसाच्या छातीपर्यंत. यंदा बहार दणकून आला होता. समदी पट्टी संत्र्याने नेली होती. लढाईबद्दल विचारल्यावर ठोकणारा एक जण हसून म्हणाला, "काका, बमच्या पेट्या आता प्लास्टिकच्या असतात म्हणते. तुमी कोण्या जमान्यात आहा?"

हे सगळं त्याने मला त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं. काही लपवलं नाही. "चुकलो," म्हणाला. "लाकूड संत्र्याले गेलं." माझी मेहुणी सोबत होती. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं नोकरी केली, लढाई ओळखता येते म्हणे. नागपुरात राहून संत्रं नाई ओळखता आलं तुमाले."

मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं, "तुझ्या फळ्यांपायी माझं पोरगं दुसऱ्यांदा मायले मुकलं. आता माझ्या घरी येऊ नको." हे मी बोललो. कापडाच्या गाठी उचलणाऱ्याच्या तोंडाला गाळणी नसते.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी ओसरीत बसून दाराकडे पाहत होतो आणि मी पाहत नाही असं स्वतःला सांगत होतो. घर इतकं शांत होतं की शेजारच्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. रागावलेला माणूस भुकेला राहू शकतो, पण एकटं राहणं मोठं कठीण.

चौथ्या दिवशी साडू आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. जोड्यांना लाल माती. "आत येऊ काय?" म्हणाला. मी खुर्ची भिंतीकडे वळवली. तर त्याने तिथूनच सांगितलं. तो बस पकडून खाप्याला जाऊन आला होता. नाव ना पत्ता, नुसतं विचारत विचारत, "आखातात वेल्डर पोरगा कोणाचा गा?" म्हणत त्या पोराच्या घरी पोहोचला. त्याच्या बापापुढे बसला आणि आपण लाकूड पाहून कशी लढाई लावली, ते पहिल्यापासून सांगितलं. बाप आधी खूप हसला. मग त्याने पोराला फोन लावला आणि म्हणाला, "काहून घाई करून राहिला बावा? तुझ्या बहिणीचं साक्षगंध पुढच्या महिन्यात आहे. आता येऊन काय मांडव राखतो? त्याच्या मायचं वर्ष आहे, त्याले येऊ दे."

साडू एवढं बोलून थांबला. "मिलिंदले विचारून घे," म्हणाला, "माझ्यावर इसवास ठेवू नको."

मी विचारलं. खरं होतं, त्या पोराने सुट्टी मिलिंदला परत दिली होती. मग मी आत जाऊन चहा ठेवला. साडू आपोआप अंगणात गेला.

मिलिंद कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आला. वंदना झाली, खिरीचं जेवण झालं, लोक पांगले. आम्ही तिघं उरलो. मिलिंद सांगू लागला की त्या रात्री त्यांनी गच्चीवरून आकाशात आगीच्या रेघा पाहिल्या, एक वर जायची, दुसरी येऊन तिला गाठायची. मला वाटलं, आता साडू विचारणार, कोणत्या देशाची होती, केवढ्याला घेतली होती, कोणी विकली. त्याने काही विचारलं नाही. म्हणाला, "आमच्याकडं कधी कधी जुन्या पेट्या वापस येत. पंधरा पंधरा वर्षं कुठं कुठं फिरून. मुदत संपली, आता माल जाळून टाका म्हणून. साहेब लोक म्हणत, खर्च वाया गेला. मी हात लावून पाहो. सील तशीच राहे. मले तेवढा एक दिवस बरं वाटे. वाटे, आपण इमानदारीनं काम केलं, अन् कोणाचं काही गेलं नाई."

मिलिंदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी समोरच्या तसबिरीकडे पाहिलं. माझी बायको साडवाच्या पाठीमागे नेहमी म्हणायची, मोठा भोळा माणूस आहे, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. मी तिचं कधी ऐकलं नाही. आता सांगायला ती नाही, पण तिचं बरोबर होतं. पट्टी बाजारातून संपत जावी आणि दरवेळी ती संत्र्याने संपवलेली निघावी, एवढंच मागणं आहे. साडू दर साली असाच चुकत राहो.