हिराबाईंचा सवतीमत्सर

माणसाला माणसाचा हेवा वाटावा हे समजू शकतं. जावेच्या बांगड्यांचा वाटावा, शेजारणीच्या गुणी सुनेचा वाटावा, फार तर समोरच्या बाल्कनीतल्या जास्वंदीचा वाटावा. हिराबाई ओव्हाळांना हेवा वाटला तो एका खोलीचा. खराडीत, सातव्या मजल्यावर, त्यांच्याच मुलाच्या फ्लॅटमधली दहा बाय अकराची खोली. आणि हेवा म्हणजे तोंडदेखला नाही. सवतीचा वाटावा तसा, उठता-बसता.

आता हे ऐकून कुणी हसेल. हसणाऱ्यानं आधी हिराबाईंची नोकरी ऐकावी. ससूनला लहान मुलांच्या वॉर्डात त्या आया होत्या. नवरा लवकर गेला, त्यामुळे रात्रपाळीला नाही म्हणायची सोय नव्हती. परक्यांची पोरं थोपटून झोपवायची आणि आपला रोहन तिकडे येरवड्यात, शेजारच्या शकूच्या घरी, तिच्या पोरांच्या रांगेत झोपलेला. शकू भली बाई. पण एकदा रोहन तापानं फणफणला आणि ग्लानीत "शकूमावशी, शकूमावशी" करत राहिला. आईचं नाव नाही. हिराबाई उशाशी बसल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस त्या शकूशी धड बोलल्या नाहीत, आणि आपलं काय चुकलं हे त्या बिचारीला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा हा आजार जुनाच.

रोहन शिकला, आयटीत लागला, आयटीतल्याच पूर्वाशी लग्न केलं, दोघांच्या पगारावर कर्ज काढून खराडीत फ्लॅट घेतला. आयुष झाला त्याच सुमारास हिराबाई रिटायर झाल्या. मग काय विचारता. दुधापेक्षा दुधावरची साय गोड. पूर्वा कामावर परत जायला लागली तेव्हापासून आयुष आजीजवळ झोपायला लागला. दुसऱ्या बेडरूममध्ये जमिनीवर जाड गादी, एका बाजूला हिराबाईंचं लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधे हे दोघं. आयुषचा एक पाय कायम आजीच्या पोटावर. रोहनला द्यायचं राहून गेलेलं सगळं थोपटणं त्यांनी नातवाला दिलं, आणि त्यात कुणी वाटेकरी नव्हता. हे सुख त्यांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. दृष्ट लागते असं त्या मानत नसत, पण उगाच कशाला.

आयुषला सहावं लागलं आणि पूर्वा ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीच्या वाढदिवसाला जाऊन आली. तिथं त्या मुलीची स्वतःची खोली होती. ढगांची, परीबिरीची. पूर्वा घरी आली ती ठरवूनच.

"आई, आयुषला आता त्याची स्पेस हवी," ती म्हणाली.

"आम्ही एका खोलीत सात जण झोपायचो. स्पेस घराबाहेर असायची," हिराबाई म्हणाल्या.

पूर्वा हसली. ही मुलगी वाईट असती तर फार सोपं झालं असतं. पण ती सासूला अहो-जाहो करायची, गुडघ्याचं तेल न विसरता आणायची, आणि आत्ताही किती समजुतीनं बोलली. तुम्ही हॉलमध्ये झोपा, छान सोफा-कम-बेड घेऊ, तुम्हाला टीव्हीसुद्धा पडल्या-पडल्या बघता येईल. जसं काही टीव्ही पडल्या-पडल्या बघता येत नाही म्हणूनच हिराबाई आजवर झुरत होत्या.

"मी खाली गादी घालीन की त्याच्या पलंगाशेजारी," त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला.

"मग त्याला सवय कशी लागणार, आई?" रोहन म्हणाला. रोहननं हे बोलावं.

मग नीरजा आली. ही इंटिरियर डिझायनर, लहान मुलांच्याच खोल्या करायची, बाकी घराला हात लावत नसे. सत्तावीस-अठ्ठावीसची पोर, केस आखूड, खांद्याला झोळी, हातात टेप. हिराबाईंना आल्या-आल्या "काकू" म्हणाली. काकू. त्यांच्या मनात आलं, मोजमाप घ्यायला आलीस, घे आणि जा. पण ती जाईना. जमिनीवर फतकल मारून आयुषसमोर बसली आणि त्याला विचारायला लागली, तुला लपायला कुठं आवडतं, तुझा हात कुठवर पोचतो, तुला झोपताना काय दिसायला हवं.

"वाघ," आयुष म्हणाला. नुकताच तो कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघून आला होता.

"कुठला वाघ? झोपलेला की जागा?"

"जागा. माझ्यावर लक्ष ठेवणारा."

लक्ष ठेवणारा. आणि आजी काय करत होती इतकी वर्षं? हिराबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि कांदा चिरायला घेतला. चिरायचा नव्हता, तरी चिरला. बाहेर आयुष नीरजाला आपली सगळी गुपितं दाखवत होता. कपाटाखाली लपवलेल्या गोट्या, भिंतीवर पेनानं काढलेली विमानं. ती विमानं हिराबाईंनी पूर्वाच्या नजरेला पडू नयेत म्हणून गादी उभी करून झाकून ठेवली होती. तीसुद्धा त्यानं या कालच्या बाईला दाखवली.

खोली तयार व्हायला दिवाळी उलटली. हिराबाईंचं कपाट हॉलच्या कोपऱ्यात आलं, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली. त्या रोज नाक मुरडत दाराशी उभ्या राहायच्या. सुताराचा आवाज होतो म्हणाल्या, रंगाचा वास येतो म्हणाल्या. आणि एके दिवशी खोली पुरी झाली. चूक काढायला कुठं जागा नव्हती, हाच खरा संताप. पलंग बुटका, आयुषला एकट्याला चढता-उतरता येईल असा, पण लांबीला पुरा, म्हणजे पुढे बदलायला नको. पलंगाखाली ओढून काढायचे खण, एकात गाड्या, एकात ठोकळे. कपड्यांचे हूक त्याच्या हाताला येतील इतके खाली. खिडकीशी लाकडी गुहा, तिला पडदा, आत बसून पुस्तक वाचायला दिवा. आणि तो पेनानं चितारत होता त्या भिंतीचा नीरजानं फळाच करून टाकला. काढ म्हणाली खडूनं हवी तेवढी विमानं. पलंगासमोरच्या भिंतीवर जंगल, आणि जंगलात तो वाघ. त्याच्या डोळ्यांत रेडियमचा रंग होता. दिवा घालवला की दोन हिरवे ठिपके चमकायचे.

आयुष पलंगावर उड्या मारत होता. ज्या पोराला रोज मोजे आजी घालायची, त्यानं खणातून मोजे काढून आपले आपण घातले आणि सगळ्यांना पाय दाखवले. टाळ्या झाल्या. हिराबाईंनीही वाजवल्या.

त्या रात्री त्यांनी हॉलमधल्या सोफ्यावर अंग टाकलं आणि कान दाराकडे लावले. आत्ता हाक येईल, मग येईल. गोष्टीशिवाय झोपेल कसा, पाय कुणावर टाकेल? हाक आली नाही. सकाळी तो हसत बाहेर आला, दूध पिता पिता म्हणाला, "आजी, वाघ रात्रभर जागा होता. मी मस्त झोपलो." दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या दिवशीही. एवढी वर्षं थोपटून थोपटून तळहात झिजवला, आणि भिंतीवरच्या दोन ठिपक्यांनी आजीची जागा घेतली. हिराबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड. पुन्हा एकदा पोर दुसऱ्याचं नाव घेत झोपलं होतं, आणि या वेळी रात्रपाळीचं कारणही नव्हतं.

त्यांनी जे केलं ते दुपारी केलं, घरात दोघंच असताना, वरणभात भरवता भरवता. रागाच्या भरात बोलून गेल्या असं म्हणायचीही सोय नाही. सकाळपासून मनात घोळवलं होतं.

"आयुष, तो वाघ रात्री डोळे का उघडे ठेवतो, माहितीये?"

"माझ्यावर लक्ष ठेवायला."

"लक्ष ठेवायलाच. सगळे झोपले की तो उतरतो. मोठ्या माणसांना काही करत नाही. एकटं झोपलेलं पोर दिसलं की त्याच्या पलंगाभोवती फिरतो." घास त्याच्या तोंडाशीच राहिला. "आणि हे कुणाला सांगायचं नाही. आपण बोललो की त्याला ऐकू जातं."

झालं. काडी पडली. त्याच रात्री आयुष किंचाळत बाहेर आला आणि सोफ्यावर आजीच्या कुशीत शिरला. छाती नुसती धडधडत होती त्याची. हिराबाईंनी थोपटलं. पाय पोटावर आला. लाज वाटायला हवी होती, वाटलीही असेल, पण तिच्या आधी गार गार वाटलं. रोहन-पूर्वा दारात गोंधळून उभे होते. "राहू दे, मी आहे," हिराबाई म्हणाल्या.

चार दिवस असे सुखाचे गेले. पण आयुष दिवसाढवळ्याही खोलीत जाईना. खेळणी बाहेर आणून दे म्हणायला लागला. बाथरूमला जायलासुद्धा सोबत हवी. पूर्वानं नीरजाला बोलावलं. पुन्हा ती जमिनीवर बसली. काय झालं रे, कशाची भीती वाटते? आयुषनं आजीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. पोर शब्दाचं पक्कं. नीरजाचा चेहरा एवढासा झाला. "माझंच चुकलं, काकू. डोळ्यांना रेडियम नको होतं," म्हणाली आणि ब्रश काढून वाघाच्या डोळ्यांवर पापण्या रंगवल्या. वाघ झोपवला. हिराबाई चहा द्यायला आल्या, कप ठेवला आणि वर न बघता परत गेल्या.

"बघ, झोपला तो," रोहन म्हणाला.

आयुषनं दारातूनच पाहिलं आणि चार पावलं मागे सरला. "तो झोपेचं सोंग करतोय. आता कुठं बघतोय तेपण कळत नाही."

हॉलमध्ये रोज रात्री रोहनचे अमेरिकेचे कॉल चालायचे. सोफ्यावर दोघांना जागा पुरेना, हिराबाईंची कंबर धरली. रविवारी सकाळी पोहे खाता खाता पूर्वानं निकाल लावला. किती प्रेमानं लावावा. "आई, आपण उगाच घाई केली. आयुष काही दिवस आमच्याच खोलीत झोपेल, आमच्या दोघांच्या मधे. आणि ती खोली तुमची तुम्हाला परत. पलंग पूर्ण लांबीचा आहे, तुमच्या कमरेलाही बरा. हॉलमध्ये तुमचे फार हाल झाले, मला कळत होतं."

"अगं, नको. मला हॉल बरा."

"काही ऐकणार नाही मी. मला मेलीला आधीच सुचायला हवं होतं."

नको का, तर काय कारण सांगणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत रोहननं कपाट पुन्हा खोलीत नेलं, गुहेला चिकटून उभं केलं. आणि रात्री पलीकडच्या खोलीत आयुषला मांडीवर घेऊन पूर्वा थोपटत होती. तिला सवय नव्हती. ताल चुकत होता. भिंतीपलीकडून हिराबाईंना ते सगळं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं ताल जमला.

आता दुपारी शाळेतून आला की आयुष हॉलमध्ये खेळतो. आजी खोलीत गेली की तो उंबऱ्यापाशी थबकतो आणि तिथूनच बोलतो. गोष्ट हवी असली की म्हणतो, तू बाहेर ये. गुडघे धरलेले, उठवत नाही, असं म्हटलं तर म्हणतो, मग राहू दे.

एके दिवशी हिराबाईंना हे सोसवेना. त्यांनी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे. उद्या पोरगा आईबापाला सांगेल, सून तोंडावर काही बोलणार नाही पण मनातून उतरेल, रोहन तर बोलेलच. होऊ दे. त्या पलंगावर बसल्या आणि त्यांनी हाक मारली. तो दाराशी येऊन उभा राहिला, बोटं चौकटीला धरून.

"ये ना आत."

त्यानं मान हलवली.

"आयुष, वाघ-बिघ काही उतरत नाही. तो नुसता रंग आहे. आजी खोटं बोलली होती तुझ्याशी. तू माझ्याजवळ झोपावंस म्हणून. माझं चुकलं, बाळा."

आयुषनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे. मग तोंडावर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तो ऐकतोय म्हणून तू असं बोलतेस ना? मला कळलं."

"नाही रे राजा, खरंच सांगते..."

"शू. तू घाबरू नकोस. तो मोठ्या माणसांना काही करत नाही."

एवढा धीर आजीला देऊन, वाघ बाहेर येऊ नये म्हणून त्यानं बाहेरून दार अलगद ओढून घेतलं.