माळवदाची माती बांधाला चालत नाही

मुलांच्या क्लासपायी लातुरात खोली करून राहिलेल्या आणि गावी रान असलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपलं दुखणं एकच. दरवर्षी रानातली माती ओढ्याला जाते आणि आपण पावसाला शिव्या घालतो. पाऊस सगळ्यांवर तोच पडतो, पण सगळी माती सारखी वाहत नाही! माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला, "दाजींनी नवा बांध घातलाय, बघायला ये." मी नांदेडहून सकाळची एसटी धरली.

वाट वाकडी करून कंधारला उतरलो. लातूर लवकर गाठायचं असेल तर हे करू नका, पुढची गाडी ताटकळत ठेवते. पण तिथला माळ बघण्यासारखा आहे. वरची हलकी, भुरभुरीत माती कधीच गेली. उरलेली खड्यांनी धरून ठेवलीय. खालची काळी चिकट खरी, पण उतारावर नांगरून उघडी टाकली की तीही गढूळ पाण्याबरोबर निघते.

लातूरवरून औशाला आलो. तिथून अक्काच्या गावाकडं जाणारी काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. धपाटे जवळ ठेवा.

अक्काचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलं. जुन्या गावठाणात पडक्या घरांची पांढरी माती ढिगानं पडून आहे. दाजींनी तिचाच बांध घातला होता. रानात वीतभर काळी, खाली खडक. बांध फुटला तर पेरायला काही उरणार नव्हतं.

"दाजी, ही पिठासारखी माती. पाण्यात पहिली हीच जाते."

"बापजाद्याची माळवदं हिनंच राखली. थेंब आत येऊ दिला न्हाई."

"माळवद म्हणजे घराचं सपाट छत, दरसाल चोपत होता तुम्ही. इथं पाणी पळत येणार."

"आलं भाषण! अगं, पाणी आण, मेव्हण्याचा घसा सुकंल."

अक्कानं घागर आणली आणि सरळ बांधावर ओतली. बांधाला हातभर चर पडला, पांढरा राडा तिच्या पायावर आला.

"आता बोला. घागरीनं असं, तर पावसानं काय? खडकावर पेरू का मी?"

दाजी खाली बसले. चिमूटभर माती बोटांत चोळत राहिले. "आपल्या घराची हाय गं. कामी येईल वाटलं." मग उठले. "सकाळी मुरूम आणतो. वरून गवत लावू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मुरूम पसरून चोपला. तळहाताला फोड घेऊन मी नांदेडला परतलो. फोड बसतील, पण 'आपल्या घराची हाय' हे दाजींचं वाक्य मनातून जाणार नाही. माया खरी होती, माती चुकीची होती. मायेपोटी रान घालवू नका.

येत्या रविवारी गावी जा आणि आपल्या बांधाचं एक वाळलेलं ढेकूळ पेलाभर पाण्यात सोडून बघा. ते लगेच विरलं, तर पेरणीआधी बांधावर मुरूम टाका.